डावा कान

शेवटच्या साध्या दिवशी आई चष्मा घेऊन आली. सकाळच्या घाईत लेक चष्मा घरी विसरली होती आणि त्यावाचून तिचं दिवसभर अडणार, हे आईनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. टेबलाच्या खणात दुसरा चष्मा असतो हे तिला कुठून ठाऊक असणार? परक्या देशात, तिथल्या भाषेचा एक शब्द येत नसताना, बस बदलून ती एकटी आली होती. कान तपासायच्या त्या केंद्राच्या दारात उभी राहिली तेव्हा अंगावर लेकीचाच जुना कोट होता, बाह्या दुमडलेल्या, आणि चेहरा असा फुललेला, की चष्मा नव्हे, एखादा किल्ला सर करून आली असावी. "अगं, आलीस कशी?" "बसनं. निळी बस आली की चढायचं, पूल गेला की उतरायचं, मग पिवळी. ड्रायव्हरला हसून दाखवलं, तोही हसला. इकडं हसलं की कामं होतात बघ." तिकडे, घरी असताना, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी आई बाबांना विचारून जायची. बाबा गेल्यावर काही दिवस फोटोला विचारून जायची. आणि इथं आल्यापासून बघावं तर ही बाई रोज नव्या रस्त्यानं हिंडून येते, खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे दुपारभर बसते, बागेत अनोळखी म्हाताऱ्यांना हात करते. लेकीला याचं कौतुक वाटायचं, आणि कौतुकाच्या तळाशी काहीतरी खुपायचं. काय ते तिनं कधी उकरून पाहिलं नव्हतं.

नेमकी त्या वेळेला नोंदवलेली माणसं आली नव्हती. तपासणीची खोली रिकामी होती. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं, ज्याला मायलेकी घरी टकलू म्हणत, उठून आईला खुर्ची दिली आणि लेकीला त्याच्या भाषेत चिडवलं, "कान तपासणारीची आई, आणि तिचाच कान अजून तपासला नाही? बाहेर सांगू नकोस." लेकीनं ते आईला सांगितलं. आई हसली. "नको गं बाई. या वयात नवा कान घेऊन काय करू? एक आहे तो पुरे झाला. दोन्ही चालले असते तर तुझ्या आत्याचं दुप्पट ऐकावं लागलं असतं." हे ती नेहमीच म्हणायची. पण त्या दिवशी लेकीनं ऐकलं नाही, हात धरून तिला काचेच्या खोलीत नेलं, हेडफोन चढवले, पांढरे केस कानामागे सारले, हातात बटण दिलं. डाव्या कानाची पाळी बोटांना लागली तेव्हा तिचा जीव क्षणभर गलबलला. या कानासाठी तर सगळं केलं होतं. शाळेत 'मोठेपणी काय होणार' या निबंधात तिनं लिहिलं होतं, की मी आईचा कान बरा करणार. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मग शिष्यवृत्ती, परीक्षा, विमान, ही भाषा, हे काचेचं कपाट, आणि शेवटी या खुर्चीत खरोखरची आई. ती बाहेर येऊन यंत्रापुढे बसली आणि जो येईल त्याला विचारते तेच माइकमधून विचारलं, "ऐकू येतंय ना?" काचेपलीकडे आईनं मान डोलावली, आणि फोटो काढायला बसल्यासारखी हसून समोर बघत राहिली.

उजवा कान वयाच्या मानानं छान निघाला. आई बटण असं तत्परतेनं दाबत होती, की जणू पहिला नंबर काढायचाय. डाव्या कानाला मात्र काहीच नाही. स्वर मोठा केला, आणखी मोठा केला. काही नाही. एका मर्यादेपलीकडे आवाज कवटीच्या हाडातून दुसऱ्या कानापर्यंत जातोच, म्हणजे डावा कान पार मेलेला असला तरी उजव्यानं कुजबुज पकडायला हवी होती. आईनं तीही पकडली नाही. इतका बहिरा कान नसतो. लेकीचा हात सवयीनं पुढच्या कळीकडे गेला. नुसत्या सवयीनं, मनात काही नव्हतं, असं तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. एका कानानं ऐकू येत नाही असं सांगणारे सगळेच खरं सांगतात असं नाही; कुणाला एखाद्या कामातून सुटका हवी असते, कुणाला नुसती दया. अशांसाठी एक साधी युक्ती आहे. एकच स्वर दोन्ही कानांत एकदम सोडायचा, चांगल्या कानात हळू पण ऐकू येईल इतका, आणि बंद म्हणवणाऱ्या कानात जरा मोठा. माणसाच्या डोक्याची गंमत अशी, की एकच स्वर दोन्हीकडून आला तर त्याला फक्त मोठ्या बाजूचा जाणवतो. डावा कान खरोखर गेलेला असेल तर माणसाला उजवीकडचा हळू स्वर ऐकू येतो आणि ते बिनधास्त बटण दाबतं. पण डावा चांगला असेल तर त्याला वाटतं, आवाज डावीकडूनच आला. आणि डावीकडचं ऐकू येत नाही हे तर त्यानं सांगून ठेवलेलं असतं. मग ते गप्प बसतं. खोटं बोलणारा तोंड उघडून सापडत नाही, तो त्या गप्प बसण्यात सापडतो.

आई गप्प बसली. लेकीनं स्वर बदलून पाहिला, पातळ, जाड, पुन्हा पातळ. आई हसून समोर बघत होती, आणि तिचा अंगठा बटणावरून किंचित वर उचललेला होता. चुकून दाबला जाऊ नये म्हणून.

"झालं. ये बाहेर." "काय निघालं गं?" "जसं आहे तसंच." "सांगितलं होतं ना मी," आई म्हणाली, आणि टकलूला हसून दाखवून पिवळ्या बसकडे निघून गेली. डावा कान ठणठणीत आहे, या बातमीला लेकीच्या धंद्यात चांगली बातमी म्हणतात. ती दिली की माणसं हात हातात घेतात, रडतात, एका म्हाताऱ्यानं तर तिच्या कपाळाचा मुका घेतला होता. ती खुर्चीत बसून राहिली. आधी काही वाटलंच नाही. चटका बसल्यावर त्वचेला कळायला वेळ लागतो तसं. मग आत एक धग उठली आणि दिवसभर ती धग घेऊन ती अनोळखी माणसांच्या कानांत स्वर सोडत राहिली, आणि ती माणसं प्रामाणिकपणे बटणं दाबत राहिली.

संध्याकाळी ती घरी परतत होती तेव्हा आई कोपऱ्यापर्यंत सामोरी आली. तेव्हा एक छोटी गोष्ट झाली. ती आईच्या डाव्या बाजूनं चालू लागली. त्यांच्या घरात असं कुणी कधी चालत नसे. आईच्या उजवीकडून चालायचं, उजवीकडून बोलायचं, जेवताना उजवीकडे बसायचं, हे लहानपणी चालायला शिकण्याबरोबर शिकलेलं. ती डावीकडे गेली तशी आई बोलता बोलता एक पाऊल मागे झाली, तिच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे आली आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. तिनं बाजू बदलली. आईनं पुन्हा वळसा घातला. समोरून येणाऱ्याला वाटलं असतं, दोघी फुगडीची तयारी करताहेत. किती सफाईनं करत होती ती ते! आयुष्य घातलं होतं त्यात. लेकीच्या ओठांवर तो प्रश्न आला, अगदी दातांपर्यंत आला, आणि तिनं विचारलं ते एवढंच, की बाह्या दुमडून कशाला घालतेस, खालच्या बाईकडून आखूड करून घे ना. "घेते उद्या. पण मग तुला व्हायचा नाही हो कोट." "मला नको आहे तो," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून कडक आला. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि काही ऐकू आलं नाही असा चेहरा केला.

तो चेहरा. रात्री जेवताना, भांडी विसळताना, अंथरुणात डोळे मिटले तरी तिला तोच चेहरा दिसत राहिला. लहानपणापासून किती चेहरे विसरली ती, हा कुठं विसरायला. त्या कानाची गोष्ट तिला पाठ होती, कारण ती घडली तेव्हा ती तिथं होती, दाराच्या चौकटीला धरून उभी, चौकटीच्या कडीएवढीही उंच नसलेली. बाबांचा हात उठला आणि आईच्या डाव्या गालाकानावर बसला. आवाज भांडं पडल्यासारखा झाला. आईनं कानावर हात धरला, बराच वेळ धरला, आणि मग शांतपणे म्हणाली, "मला या कानानं ऐकू येईनासं झालंय." बाबांचा चेहरा पांढरा पडला. कचेरीत ज्यांच्या पावलांनी माणसं उठून उभी राहत ते बाबा आईच्या पायाशी बसले. डॉक्टरकडे मात्र नेलं नाही. डॉक्टर विचारणार, कसं झालं. बाहेर सांगितलं, तापानं कान गेला. त्या दिवसापासून बाबांनी आईवर कधी हात उगारला नाही, तिच्याशी बोलायचे ते उजवीकडून आणि हळू. नातेवाइकांत उदाहरण द्यायचे, बघा, बायकोच्या अधूपणात कसा सांभाळतो.

पण रागीट माणसाचा राग काही विरघळून जात नाही, तो फक्त पत्ता बदलतो. आईची बाजू बंद झाली आणि राग लेकीकडे वळला. दादा मोठा, मुलगा, वर अभ्यासात हुशार. ती उलट उत्तरं देणारी. अक्षर वाईट, शाई सांडली, हसली, हसली नाही. मारलं त्यांनी फारसं नाही, ती चूक त्यांना एकदा पुरली होती. ते कोंडायचे. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली होती, तिथं पोती, रिकामे डबे, मोडका पंखा आणि बाहेरून कडी. बाबा बंद करून निघून जायचे, कधी झोपायचे, कधी फिरायला जायचे. आणि भिंतीपलीकडे आई असायची. एका विटेची भिंत. तिला आईच्या बांगड्या ऐकू यायच्या, पदार्थ तेलात पडल्याचं चरचरणं ऐकू यायचं, कढईत फिरणारा डाव ऐकू यायचा. ती हाक मारायची. आई. आई गं. आई. संध्याकाळी कडी निघायची तेव्हा आई तिला पोटाशी धरायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "मला कळलंच नाही गं राणी. माझी डावी बाजू होती तिकडं." आणि ती, नाक गळत असलेली, घाम सुटलेली, त्या बिचाऱ्या कानाला हात लावायची. तिला आईची दया यायची! कोंडलेली ती, आणि दया आईची. मी मोठी होईन आणि तुझा कान बरा करीन. आई काही न बोलता तिला आणखी घट्ट धरायची. आता अंथरुणात पडल्या पडल्या तिला ती घट्ट मिठी आठवली आणि ती उठून बसली. त्या घरात ऐकू न येणारी माणसं खरं तर पुष्कळ होती. दादा शेजारच्या खोलीत पाढे म्हणत असायचा, आत्या महिनामहिना राहायला यायची, शेजारच्यांची खिडकी कोठीच्या खिडकीला लागून होती. बहिरी म्हणून नाव मात्र एकट्या आईचं.

सकाळी ती निघाली तेव्हा आई नळाखाली कप धूत होती. पाठमोरी, डावी बाजू दाराकडे, नळ चालू. तिनं दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि मग उंबऱ्यात उभं राहून, केंद्रात सगळ्यात हळू स्वर असतो तितक्या हळू म्हणाली, "येते गं." "सावकाश ये," आई म्हणाली. मान न वळवता. मग आईचे हात नळाखाली थांबले. पाणी कपावरून, बोटांवरून वाहत राहिलं. आईची पाठ ताठ झाली, पण ती वळली नाही. वळली असती तर? ती निसटून गेलेली चूक होती, की ते कबूल करणं होतं? इतकी वर्षं सांभाळलेलं ओझं आईनं त्या क्षणी मुद्दाम खाली ठेवलं होतं का? हे आता कुणाला विचारायचं? लेकीनं दार आपटलं. इतक्या जोरानं, की जिन्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी शिवी हासडली. दुपारी केंद्रात फोन आला तो खालच्या शिंपिणीचा होता. आई तिच्याकडे बसली असताना खुर्चीतल्या खुर्चीत कलंडली होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली असं दवाखान्यातले म्हणाले. लेक पोचली तेव्हा त्यांनी चादर ओढलेली होती, आणि चादरीबाहेर, का कुणास ठाऊक, एक कान राहिला होता. उजवा.

ती रडली नाही. माणसांना वाटलं, धक्का बसलाय. टकलूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिला तो हात चावावासा वाटला. दादाचा फोन आला, तिकडून, रडत. "शेवटी तुझ्याशी बोलली का गं काही?" "सावकाश ये म्हणाली." "नशीबवान आहेस. आम्हाला तेही नाही." मग आत्यानं फोन घेतला. "देवमाणूस होती. कुणाचं वाईट कधी कानावर घेतलं नाही बघ तिनं." "हो आत्या," ती म्हणाली, "तुम्हीही नाही घेतलंत." "काय गं?" "काही नाही. लाइन खराब आहे." आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं, की आपण आत्ता काय केलं. तेच केलं. शब्द दातांपर्यंत आणून गिळायचे आणि वर लाइनवर ढकलायचं. आईकडून दुसरं काही घेतलं नसेल, हे मात्र पुरेपूर उचललंय. मग ती घरभर फिरली, आईच्या वस्तू डोळ्यांसमोरून दूर केल्या, चपला कपाटात, कंगवा खणात, तो कप, तोच, हातात घेतला आणि मोरीत फोडला. बरं वाटलं नाही. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं कोण म्हणतं? रागावता येतं. फक्त तो राग कुणी घ्यायला नसतं, मग तो परत येतो आणि आपल्याच घरात राहायला लागतो.

शिंपिणीनं दार ठोठावलं ते कोटासाठी. "शिवून ठेवलाय," ती म्हणाली, "तुझ्या आईनं त्या सकाळीच आणून दिला होता. ये खाली, घेऊन जा. चहा पण घे, तोंड बघ कसं झालंय." नको म्हणायला तोंड उघडलं तोवर ती जिना उतरायलाही लागली होती, आडवी, जाड, गळ्यात मोजपट्टी, चालताना धापा टाकणारी बाई. तिच्या खोलीत कापडाच्या चिंध्यांवरून वाट काढावी लागत होती. मध्यभागी मशीन, शेजारी इस्त्रीचा पाट, खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची, तिच्यावर चपटी झालेली उशी. "तिची खुर्ची," शिंपीण म्हणाली. लेक तिच्यावर बसली नाही. उभी राहिली. "तुझ्या आईशी माझं झकास जमायचं हो. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. कुणी कुणाचं समजून घेत नव्हतं, म्हणून भांडण नाही. माझ्या नवऱ्याशी हीच युक्ती केली असती तर संसार टिकला असता." ती हसली, मग डोळे पुसले, मग नाक. "आणि कान काय तिचे! ती अशी बसायची, मी अशी. धागा तुटायला आला की तुटायच्या आधी हात वर करायची. मी ऐकतच नसे, तर तुटायचाच."

ती अशी बसायची, मी अशी. लेकीनं खुर्चीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. खुर्चीची डावी बाजू मशीनकडे होती. इथं वळसे नव्हते. या खोलीत रोज दुपारी आई आपला चांगला डावा कान उघडा टाकून बसत होती, उन्हात पाय सोडून बसावं तशी. आणि एकदम तिला समजलं, समजायला नको होतं ते समजलं, की आई या देशात का फुलली. इथं तिला कुणाचं काही कळत नव्हतं. कोण रागावलंय, कोण टोमणे मारतंय, कुणाला काय हवंय, सगळा नुसता आवाज. ज्या आवाजाला अर्थ नाही तो ऐकायला भीती कसली? इतक्या वर्षांनी बाईनं कान मोकळा केला होता. कुणी तिला इथं बहिरी म्हणून ओळखत नव्हतं, त्यामुळे बहिरं राहायचं कारण नव्हतं. फक्त लेक घरी आली, की पुन्हा कान बंद. म्हणजे या सगळ्या परदेशात आईला तिकडचा उरलेला एकच तुकडा होता, आणि तो मी, असं तिच्या मनात आलं, आणि त्या धगीला नवी हवा मिळाली.

"आणि ते वरचं," शिंपीण म्हणत होती, कोटाचा शेवटचा धागा दातानं तोडत. "वर ते जोडपं आहे ना, तो शिव्या देणारा. त्यांची एक पोर आहे, एवढीशी. बाप चिडला की तिला मागच्या खोलीत टाकतो आणि दार लावतो. मला कुठलं ऐकू येतंय, मशीन चालू असतं. तुझी आई मात्र ताडकन उठायची." "उठून?" "उठून काय? वर जायची. दार ठोठावायची. पहिल्यांदा त्यानं उघडलं, हिला बघितलं, तोंडावर आपटलं. ही परत ठोठावतेय. मी मागोमाग गेले, म्हटलं, चल बाई, त्याच्या नादी लागू नको. ऐकते कुठली! भाषा येत नाही, भांडता येत नाही, नुसती उभी आणि ठोठावतेय. काय करणार तो? म्हातारीला मारणार? शेवटी पोरीला बाहेर आणलं. त्यानंतर तर असं झालं, की हिची पावलं जिन्यात वाजली की तो आपणहून दार उघडायचा. आणि जिना चढता चढता एकच म्हणायची, दर वेळी तेच. ऐकून ऐकून पाठ झालंय मला." तिनं कोट मांडीवर ठेवला, मान वर केली आणि शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर जपून उच्चारत ती लेकीच्या भाषेत म्हणाली, "आले गं, आले."

खोलीत वरच्या मजल्यावरच्या पावलांचा आवाज येत होता. कुणीतरी खुर्ची ओढली. "काय गं अर्थ त्याचा? देवाचं काही आहे का?" "नाही," ती म्हणाली. "येतेय, असा अर्थ आहे. आत असलेल्या माणसाला सांगायचं, की मी येतेय." "अस्सं," शिंपीण म्हणाली, "छान आहे."

छान आहे. कोठीत पोत्यांवर बसून तिनं नेमके 'आले गं' एवढेच दोन शब्द मागितले होते, दुसरं काही नाही. कडी काढायलाही नको होती, आईला ते जमणार नाही हे तिला तेव्हाही कळत होतं. भिंतीपलीकडून नुसतं म्हटलं असतंस तरी मी रात्रभर बसले असते. परक्याच्या पोरीसाठी जिना चढलीस. तुझी धाप, तुझे गुडघे. माझ्यासाठी स्वयंपाकघराची फरशी ओलांडली नाहीस. तिला आई दिसली, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढणारी, आणि तिला कळत होतं, की आई त्या जिन्यानं वर कुठल्या पोरीकडे चालली होती. ते कळल्यानं राग कमी व्हायला हवा होता, पुस्तकांतून तसंच होतं. कमी झाला नाही. उलट आता त्याला जागा मिळाली, हातपाय मिळाले. तू त्या कानाची ढाल केलीस, बरं केलंस, तुझ्या जागी मी असते तर मीही केली असती. पण ती एकीपुरतीच होती, आई, आणि तिच्यामागे तू उभी राहिलीस. आणि मग त्या रागाच्याही तळाशी, इतकी वर्षं न उकरलेल्या जागी, तिला तो आवाज ऐकू आला. ती हाक मारायची तेव्हा पलीकडे कढईत फिरणारा डाव थांबायचा. क्षणभरच. मग पुन्हा फिरायला लागायचा. प्रत्येक हाकेला. थांबायचा, आणि फिरायचा. हे तिला आत्ता कळत नव्हतं. हे तिला काचेच्या खोलीनं सांगितलेलं नव्हतं. त्या अंधारात, भिंतीला कान लावून बसलेल्या पोरीला तेव्हाच ऐकू आलं होतं, आणि त्या पोरीनं, आईची शहाणी लेक ती, ऐकू न आल्यासारखं केलं होतं. आईला ऐकू येतं, आणि तरी ती येत नाही, हे घेऊन जगायचं कसं? त्यापेक्षा बहिरी आई बरी. मग निबंध, शिष्यवृत्ती, विमान.

शिंपिणीनं कोट तिच्या हातात दिला. तिनं तो का अंगात घातला, तिला सांगता आलं नसतं. बाह्या मनगटाच्या खूप वर राहिल्या, आईच्या मापाच्या. त्या आखूड बाह्यांतून बाहेर आलेले आपले हात तिला कोठीतल्या त्या पोरीचे वाटले. "बघ, म्हटलं होतं मी तिला खुणेनं," शिंपीण म्हणाली, "तुला व्हायचा नाही." आणि पुढच्या कापडाकडे वळून तिनं मशीन सुरू केलं. लेक खुर्चीकडे गेली. उजवीकडून नाही. मशीन आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून, चिंध्या तुडवत, अंग चोरून ती डाव्या बाजूला गेली, वाकली, आणि बसलेल्या माणसाचा कान असतो तितक्या उंचीवर तोंड आणलं. उशीला आईच्या तेलाचा वास होता.

"आई," ती म्हणाली. केंद्रातल्या सगळ्यात हळू स्वराइतकी हळू. मग तिला वाटलं, हळू का? कुणाच्या झोपेसाठी? "आई, तुला ऐकू येत होतं." शिंपिणीनं मशीनवरचा पाय उचलला. "मी कोठीतून हाका मारत होते आणि तुला ऐकू येत होतं. डाव थांबायचा तुझा. मला कळायचं. तेव्हाही कळायचं. मी तुला सोडून दिलं, दर वेळी सोडून दिलं, तुझ्या कानाला हात लावून सोडून दिलं." आवाज चढत गेला, छताला लागला, वरची पावलं जागच्या जागी थांबली, आणि तरी तिनं तो खाली आणला नाही. "तू आली नाहीस. आई, मी रागावलेय तुझ्यावर. फार रागावलेय." मग तिनं काचेपलीकडच्या प्रत्येक माणसाला विचारते ते त्या रिकाम्या खुर्चीला, डाव्या बाजूनं, ओरडून विचारलं,

"ऐकू येतंय ना?"